पुण्यात भाकरी ठेवली, तर विश्वाची कड मुंबईत

रानवारा (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११.४०

मे महिन्याची सुट्टी, भाची राहायला आली आहे. वय साडेआठ. परवा गच्चीत गाद्या टाकून पडलो होतो, तर म्हणाली, "मामा, हे सगळं केवढं आहे?" मी आव आणून सांगितलं, "आपल्याला दिसू शकतं तेवढं विश्व ९,३०० कोटी प्रकाशवर्षं रुंद आहे." ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्या "बरं"ने माझी झोप उडवली. पोरीचं काही चुकलं नव्हतं. ९,३०० ऐवजी ९३० कोटी सांगितलं असतं तरी ती "बरं"च म्हणाली असती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. चार-पाच शून्यांनंतर डोकं मोजायचंच सोडून देतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ओट्यावरचे डबे उघडले आणि सगळं विश्व एक हजार कोटी पटींनी लहान करायला घेतलं. हेच माप का, ते पुढे येईल.

सूर्य झाला १४ सेंटिमीटरचा, म्हणजे चांगला दणदणीत सोललेला नारळ. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, मोहरीचा दाणा. नारळापासून मोहरी १५ मीटरवर, म्हणजे एक आख्खी एसटी आणि वर चार पावलं. चंद्र रव्याचा बारीक कण, मोहरीपासून जेमतेम चार सेंटिमीटरवर. माणूस आजवर घराबाहेर पडला तो एवढाच, मोहरीपासून दोन-अडीच बोटं. गुरू म्हणजे खेळायची गोटी, ७८ मीटरवर. नेपच्यून मटकीचा दाणा, ४५० मीटरवर, आमच्या गल्लीतून निघून रिक्षा स्टँडच्या पुढे. एवढ्या सगळ्या परिसरात एक नारळ, दोन गोट्या, दोन मटक्या आणि चिमूटभर मोहरी-रवा. बाकी मोकळं.

मग भाचीला विचारलं, आता दुसरा नारळ कुठे असेल? "स्वारगेट?" लांब. "कात्रज?" लांब. "मग सातारा?" मी म्हटलं, सिंगापूरच्याही थोडं पुढे. मित्र तारा, आपल्या सूर्यापेक्षा जरा मोठा नारळ, जवळच त्याचा लहान जोडीदार, ४,१०० किलोमीटरवर. त्याच्या शंभरेक किलोमीटर अलीकडे एक आवळा आहे, प्रॉक्झिमा. पुणे ते सिंगापूर या टापूत एवढंच सामान. धूमकेतूंचा भुगा असेल इकडेतिकडे, तो धरत नाही.

आता मापाचं कारण. या मापात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर होतो. म्हणजे प्रकाश मुंगी होतो! नारळावरून निघालेली मुंगी ८ मिनिटं २० सेकंदांत मोहरीपाशी येते, मटकीपर्यंत तिला चार तास लागतात आणि सिंगापूरकडच्या नारळापर्यंत, कुठे न थांबता, ४ वर्षं ४ महिने. हे भाचीला लगेच पटलं. प्रकाशवर्ष तिने कधी पाहिलेलं नाही, मुंगी पाहिली आहे.

पण इथे माझा नारळ संपला. या मापात आपली आकाशगंगा साडेनऊ कोटी किलोमीटर होते, म्हणजे पुन्हा शून्यांत. तेव्हा नारळ ठेवला आणि भाकरी घेतली. आकाशगंगा म्हणजे २५ सेंटिमीटरची भाकरी. उपमा म्हणून नाही, खरोखरच. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आणि हजारेक प्रकाशवर्षं जाड, म्हणजे भाकरीची जाडी अडीच मिलिमीटर. मधे फुगलेली. माझ्या आईच्या हातची यापेक्षा पातळ नसते.

या भाकरीत नेपच्यूनपर्यंतची आपली सूर्यमाला डीएनएच्या धाग्याच्या जाडीएवढी होते. नारळ, मोहरी, मटकी, रिक्षा स्टँड, सगळं त्यात.

पुढची मोठी भाकरी, देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह), सव्वासहा मीटरवर. हॉलमधे एक, स्वयंपाकघरात दुसरी. इथे मी थबकलो. दोन नारळांच्या मधे जवळजवळ तीन कोटी नारळ ओळीने मावतात, आणि दोन भाकऱ्यांच्या मधे पंचवीस भाकऱ्या. म्हणजे तारे कमालीचे विरळ आणि दीर्घिका दाटीवाटीने! म्हणून दीर्घिका एकमेकींवर आदळतात, आणि आदळल्या तरी त्यांच्यातले तारे सहसा एकमेकांना लागत नाहीत. मी इतकी वर्षं समजत होतो की जितकं वर जावं तितकी पोकळी वाढत जाते. तसं नाही. पोकळी काही ठराविक मजल्यांवर आहे.

आणि शेवटचं. भाकरी पुण्यात शनिवारवाड्यासमोर ठेवली, तर दिसणाऱ्या विश्वाची कड ११६ किलोमीटरवर. सरळ रेषेत मुंबई.

लहानाच्या बाजूला मी गेलोच नाही, तिकडे माझे डबे संपतात. कुणीतरी मनावर घ्या.

---

खडीसाखर
रविवार, सकाळी ७.१५

वाचनखूण साठवली. भाकरी आणि डीएनए वाचून चहा गार झाला.

एक बाळबोध शंका. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. मग प्रकाश फार तर १,३८० कोटी प्रकाशवर्षं आला असेल ना? तुमची कड ४,६५० कोटींवर कशी? मुंगी धावली का?

---

वैनगंगा
रविवार, सकाळी ८.०२

भाकरी कशाची ते लिहिलंच नाही भाऊ. ज्वारीची असेल तर कड चिरलेली असते, विश्वाचं कसं करायचं?

---

रानवारा
रविवार, सकाळी ९.३०

@वैनगंगा, आकाशगंगेचीही कड सपाट नाही, बाहेरच्या बाजूने ती थोडी मुरडलेली आहे. तेव्हा ज्वारीचीच.

@खडीसाखर, शंका बाळबोध नाही, मी यावर दोन दिवस घालवलेत. मुंगी धावली नाही, रस्ता ताणला गेला. तिला डांबरावर नको, इलॅस्टिकच्या नाडीवर चालवा. ती चालत असताना कुणीतरी नाडी दोन्हीकडून ओढतंय. पुढचा रस्ता लांबतो हे लगेच लक्षात येतं, पण तिने चालून मागे टाकलेला रस्ताही लांबत राहतो हे आपण विसरतो. ती पोचल्यावर मागे वळून पाहते, तर निघालेलं गाव आता ४,६०० कोटींच्या घरात.

सगळ्यात जुना प्रकाश, जो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो, तो विश्व ३.८ लाख वर्षांचं असताना निघाला. जिथून निघाला ती जागा तेव्हा आपल्या जागेपासून फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षं लांब होती. ४.२ कोटींचं अंतर तोडायला मुंगीला जवळजवळ १,३८० कोटी वर्षं लागली, कारण नाडी ओढणारा थांबेना.

आणि मुंबईला भिंत नाही. तिथल्या भाकरीवर कुणी बसलं असेल, तर त्याच्या हिशेबाने आपण कडेवर आहोत आणि त्याचं पुणं मुंबईत आहे. (मुंबईकर सदस्यांनी इथे कृपया भांडण काढू नये.)

---

जपमाळ
रविवार, सकाळी १०.४४

धागा छान. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. सूर्याचं अंतर सूर्याच्या व्यासाच्या १०८ पट आहे. चंद्राचं अंतर चंद्राच्या व्यासाच्या १०८ पट. माळेत मणी १०८. आपल्या पूर्वजांनी मोजूनच ठेवलं होतं. विचार करा.

---

शून्याचा_पाढा
रविवार, सकाळी ११.२०

विचार केला. भागाकारही केला.

सूर्य सरासरी १०७.५ पट. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून वर्षभरात १०५.७ ते १०९.३. चंद्र सरासरी ११०.६ पट, आणि तो तर १०३ ते ११७ इतका मागेपुढे होतो. दोन्ही कायम १०८ वर अडकून बसले असते, तर कंकणाकृती ग्रहण कधी दिसलंच नसतं. चंद्र लांब असतो तेव्हा तो सूर्याला पुरता झाकू शकत नाही, कडेने बांगडी उरते. शिवाय चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे, म्हणजे मणी वाढवावे लागतील.

पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी पडतात ही गंमत खरी आहे, आणि तिचा पडताळा घरी घेता येतो. वाटाण्याचा दाणा साधारण ६ मिलिमीटरचा. हात लांब करून दोन बोटांत धरा, डोळ्यापासून ६५-७० सेंटिमीटर येतो, म्हणजे त्याच्या व्यासाच्या ११० पट. एक डोळा मिटा. पौर्णिमेचा चंद्र मागे लपतो. क्षितिजावर परातीएवढा वाटणारा चंद्रसुद्धा. (सूर्यावर हा प्रयोग करू नका, डोळे जातील.)

---

भटकी_मांजर
रविवार, दुपारी १.०५

आम्ही अमावास्येच्या आसपास वांगणीला जातो आकाश बघायला. तिथे नवीन मंडळींना देवयानी दाखवली की हमखास निराशा होते. कापसाचा मळका पुंजका. मग सांगायचं की नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ही सगळ्यात लांबच्या गोष्टींपैकी एक, २५ लाख प्रकाशवर्षं. आणि अर्थातच प्रश्न येतो: कुणी टेप लावली?

टेप एक नाही, शिडी आहे. पहिली पायरी अंगठ्याची. अंगठा समोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. जानेवारीत आणि जुलैत तारा पाहिला तर आपले दोन "डोळे" ३० कोटी किलोमीटर लांब असतात, तरी ताऱ्याचं सरकणं किती? बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय (या सरकण्याचा अर्धा कोन) मोजला, तो साधारण ०.३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). दहा रुपयांचं नाणं १८ किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा! १८३८ मध्ये. फोटो नाही, संगणक नाही, डोळा आणि पितळी यंत्र.

त्यापुढे अंगठा चालत नाही. तिथे हेन्रिएटा लेविट. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या पट्ट्यांवरचे तारे मोजायची नोकरी. काही तारे ठराविक दिवसांनी कमीजास्त तेजस्वी होतात. तिच्या लक्षात आलं की ज्याचा ठेका संथ, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. १९१२ मध्ये तिने हे नातं मांडलं. म्हणजे ठेका मोजा, खरा उजेड कळेल. दिसणाऱ्या उजेडाशी ताडून पाहा, अंतर कळेल. रस्त्यावरचा दिवा किती वॅटचा ते माहीत असल्यावर तो किती लांब आहे हे जसं सांगता येतं. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला असा एक तारा देवयानीत सापडला. त्याने अंतर काढलं नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. आज आपण म्हणतो २५ लाख. बिचारा जवळजवळ तीन पट चुकला, तरी निकाल तोच: ही आपल्या भाकरीतली नाही, दुसरी भाकरी आहे. त्याआधी जाणकारांत भांडणं होती की विश्वात भाकरी एकच आहे की अनेक. शंभर वर्षंच झाली याला फक्त.

लेविटला हयातीत फार काही मिळालं नाही. १९२१ मध्ये गेली. देवयानीचा निकाल तिने पाहिला नाही.

---

जुना_मास्तर
रविवार, दुपारी ४.३०

रानवारा, लहानाची बाजू मी घेतो. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एवढा हक्क आहे.

सूक्ष्मदर्शक लागत नाही. परात घ्या, राखेने घासून साबणाचा अंश पार घालवा, पाणी भरा, हलू देऊ नका. वर टाल्कम पावडर अगदी विरळ भुरभुरा. सुईच्या टोकावर अर्ध्या मिलिमीटरचा तेलाचा थेंब घ्या आणि मध्यावर टेकवा. पावडर सर्रकन बाजूला पळते आणि वीतभर गोल मोकळा होतो. मग तेल थांबतं. आणखी पसरत नाही. का थांबतं? कारण आता तेलाचा एकच थर उरला आहे, रेणूंचा. याहून पातळ व्हायला रेणू तोडावा लागेल. थेंबाचं घनफळ भागिले गोलाचं क्षेत्रफळ, उत्तर येतं मिलिमीटरचा पाच लाखावा भाग, म्हणजे दोन नॅनोमीटर. सातवीतल्या मुलाने परातीत रेणू मोजला! एकदा एकाने घरून करडईचं तेल आणलं आणि उत्तर बरोबर आल्यावर नाचत सुटला. मीही थोडा नाचलो असेन.

याची मूळ गोष्ट फ्रँकलिनची. त्याने लंडनजवळच्या एका तळ्यात चहाचा चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, असं १७७४ मध्ये छापलं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. चमचाभर तेलाला वीस गुंठ्यांनी भागायचं त्याच्या मनात आलं नाही, नाहीतर रेणूची जाडी तेव्हाच हाती आली असती. पुढे अ‍ॅग्नेस पॉकल्स नावाच्या जर्मन बाईने, जिला विद्यापीठात शिकता आलं नव्हतं, घरच्या स्वयंपाकघरात पत्र्याची चर बनवून पाण्यावरच्या थरांचे वर्षानुवर्षं प्रयोग केले. तिने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅलेला पत्र पाठवलं, त्याने ते १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं. स्वयंपाकघरातून विश्व मोजणारे तुम्ही पहिले नाही, रानवारा.

आता पायऱ्या उतरू. केसाची जाडी मिलिमीटरचा बारावा-तेरावा भाग. तांबडी पेशी त्याच्या दहाव्या हिश्श्याची. जिवाणू तिच्या पाव. करोनाचा विषाणू जिवाणूच्या विसाव्या हिश्श्याचा. डीएनएचा धागा त्याच्याही पन्नासाव्या हिश्श्याचा. अणू आणखी वीस पट लहान. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत, पण पाय टेकतो. प्रत्येक पायरीवर काहीतरी आहे.

आणि मग दरी. अणूच्या खाली पुढची वस्तू, हायड्रोजनचं केंद्रक, एकदम साठ हजार पट लहान. मधे काही नाही. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीच्या मधोमध तुमची मोहरी ठेवा, अणूची हद्द तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर आणि सीमारेषेच्या आत येईल. रुदरफर्डने १९११ मध्ये हे केंद्रक ओळखलं, सोन्याच्या वर्खावरून उलटे फिरलेले कण पाहून.

एक कबुली. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला हे चित्र मी स्वतः शेकडो वेळा फळ्यावर काढलं. ते दोनदा चूक आहे. एक तर इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही, तो धुक्यासारखा पसरलेला असतो. आणि दुसरं, नेपच्यूनची कक्षा सूर्याच्या त्रिज्येच्या साडेसहा हजार पट आहे. अणू केंद्रकाच्या साठ हजार पट. म्हणजे अणू सूर्यमालेपेक्षा दहा पट ओसाड. माझ्या फळ्यावर ते दोन्ही वितभर असायचे.

---

वैनगंगा
रविवार, सायंकाळी ६.१०

मास्तर, एवढं सगळं रिकामं आहे तर मी खुर्चीतून खाली का नाही पडत?

---

जुना_मास्तर
रविवार, सायंकाळी ६.४५

रिकामं म्हणजे मोकळं नव्हे. त्या मैदानात मोहरीशिवाय काही दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनचं धुकं सगळीकडे आहे आणि ते दुसऱ्या धुक्याला आत शिरू देत नाही. सारख्या विद्युतभारांचं एकमेकांना ढकलणं त्यात आलं, पण त्याहून मोठं कारण म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. आरक्षित डब्यासारखं. सीट रिकामी दिसते, पण तिच्यावर रुमाल आहे.

---

जुन्नरी
रविवार, रात्री ८.२०

रुमाल लई भारी मास्तर.

आमच्या खोडदच्या दुर्बिणीचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. नारायणगावपासून जवळच. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, २५ किलोमीटरच्या परिसरात शेतांच्या मधे पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, शाळाच्या शाळा येतात. मी लहानपणी गेलो तेव्हा वाटलं होतं डोळा लावून बघायला मिळेल. डोळा कुठे लावायचा तेच सापडेना. ती रेडिओ दुर्बीण, ऐकणारी.

ऐकते काय? हायड्रोजन. सगळ्यात साधा अणू, मास्तरांनी मैदानावर मांडला तो. त्यातला इलेक्ट्रॉन कधीतरी, कोटीभर वर्षांतून एकदा, उलटा होतो (गिरकीची दिशा बदलतो म्हणा) आणि एक बारीकशी लहर सोडतो. अणू मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढा, पण लहर २१ सेंटिमीटर लांब. आपली वीत! एकेका अणूला कोटीभर वर्षं लागतात, पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की सतत कुणी ना कुणी वीत सोडतंच. त्या वितेवरून आकाशगंगेचे फाटे कुठे आहेत ते कळलं.

आणि रानवारांची ताणलेली नाडी इथेही आहे. २०२३ मध्ये बातमी आली होती, खोडदच्या थाळ्यांनी एका फार लांबच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर पकडली. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली. निघाली तेव्हा २१ सेंटिमीटर, पोचली तेव्हा ४८. वाटेत विश्व ताणलं गेलं, तशी तीही ताणली गेली. म्हणजे निघाली वीत आणि पोचली हात. दोन वितींचा एक हात हे आमच्या आजोबांना माहीत होतं, पण ते असं नव्हे.

---

भटकी_मांजर
रविवार, रात्री ९.००

जुन्नरी, तुम्ही पुणे जिल्ह्याचा झेंडा लावलाच आहे तर अजून एक. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांतल्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक महासमूह शोधला, नाव दिलं सरस्वती. ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, आणि साधारण ६५ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. भाकरीच्या मापात बसवला: शनिवारवाड्यापासून दहा किलोमीटर, म्हणजे हडपसरच्या जरा पुढे, आणि तिथे दीड-पावणेदोन किलोमीटर भाकऱ्याच भाकऱ्या. मोठ्या लग्नाची पंगत.

---

शून्याचा_पाढा
रविवार, रात्री १०.१५

आता दोन्ही टोकं जोडतो. माझं नावच तसं आहे.

वरचं टोक, दिसणाऱ्या विश्वाचा व्यास: मीटरमध्ये ८८ वर २५ शून्यं. खालचं टोक, प्लांक लांबी, ज्याच्या खाली "लांबी" या शब्दाला आजच्या भौतिकशास्त्रात अर्थ उरतो की नाही अशी पंचाईत आहे. दोन्हींत फरक साधारण ६२ शून्यांचा.

रानवारांचा मुद्दा पोकळी ठराविक मजल्यांवर आहे हा. सगळ्यात मोठा रिकामा मजला कुणी पाहिलाच नाही. प्रोटॉनपासून (म्हणजे मास्तरांच्या हायड्रोजनच्या केंद्रकापासून) प्लांक लांबीपर्यंत २० शून्यं. म्हणजे किती? प्रोटॉनपासून तेवढेच वर चढा: अणू, विषाणू, केस, मोहरी, नारळ, माणूस, डोंगर सगळे ओलांडून पुणे-मुंबईच्या थोडं पुढे, १७० किलोमीटरवर याल. जेवढ्या अंतरात वर ही सगळी दुनिया मावली, तेवढंच अंतर खाली उतरलं की प्लांक लांबी. तिथे क्वार्कच्या (प्रोटॉन ज्या कणांचा बनतो त्यांच्या) खाली काय आहे हे माहीत नाही. आजचा सर्वात शक्तिशाली त्वरकसुद्धा (कण वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र) प्रोटॉनच्या दहा-वीस हजाराव्या हिश्श्याच्या आसपास थकतो. खालची पंधराएक शून्यं अंधारात. मास्तरांची दरी त्यापुढे उंबरठा आहे.

दुसरं. "माणूस या पट्टीच्या बरोबर मध्ये आहे" असं वाक्य भाषणांतून फिरतं. दोन टोकांचा भूमितीय मध्य काढला: ०.१२ मिलिमीटर. माणूस नव्हे, रांगोळीचा बारीक कण. किंवा, माणूस हवाच असेल तर, स्त्रीबीज. ते साधारण एवढंच असतं. म्हणजे मधोमध आपण होतो, एकेकाळी, थोडा वेळ.

तिसरं, शब्दांबद्दल. लीलावतीत दहाच्या पटीतली नावं आहेत, एक, दश, शत असं करत परार्धापर्यंत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. बहुतेकांना वाटतं की नावं ठेवली, वापर काही नाही. मी वापरून पाहिली. आकाशगंगेचा व्यास किलोमीटरमध्ये: साडेनऊ परार्ध. आणि जेवताना ताटात सांडलेला मिठाचा एक दाणा, तीन दशांश मिलिमीटरचा, त्यात अणू किती? बारा परार्ध.

---

जपमाळ
रविवार, रात्री ११.०२

वाटाण्याचा प्रयोग आत्ता करून आलो. चंद्र पुरता गोल नव्हता, तरी झाकला जातो. १०८ चं मागे घेत नाही, पण ११०.६ ची सोय करतो.

---

खडीसाखर
सोमवार, सकाळी ७.४०

हा धागा मुलाच्या शाळेच्या गटावर टाकू का? आणि रानवारा, भाचीचं पुढे काय झालं ते सांगा की.

---

रानवारा
सोमवार, रात्री ९.१५

टाका की.

भाचीचं सांगतो. काल सकाळी सोसायटीत खरोखर मांडलं. नारळ गेटपाशी. मोहरी पंधरा मीटरवर, कागदावर चिकटवायची सोडून मी नुसतीच ठेवली. वारा आला. "मामा, पृथ्वी हरवली!" वॉचमनकाका चप्पल उलटी करून बघत होते, त्यांच्या तळव्याला नाही ना चिकटली. शेवटी डब्यातून दुसरी आणली. गुरूची गोटी एका पोराने उचलून खिशात घातली, परत द्यायला तयार नव्हता. नेपच्यूनची मटकी रिक्षा स्टँडपर्यंत नेली, खाली ठेवली आणि मागे वळून नारळ दिसतो का बघत होतो, तेवढ्यात कबुतराने ती टिपली. तिथून नारळ ठिपक्याएवढासुद्धा दिसेना. भाची बराच वेळ दोन्हीकडे बघत उभी होती. या वेळी "बरं" म्हणाली नाही.

रात्री गच्चीत विचारते, "व्याध कुठे येतो आपल्या मापात?" व्याध आत्ता मे महिन्यात संध्याकाळी लवकरच मावळतो, तिने तो डिसेंबरात पाहिलेला. हिशेब केला: सूर्याच्या पावणेदोन पट, म्हणजे २४ सेंटिमीटरचं कलिंगड, ८,१०० किलोमीटरवर. मुंगीला साडेआठ वर्षांपेक्षा थोडं जास्त.

"म्हणजे माझ्याएवढी मुंगी!"

मी म्हटलं, हो, तू जन्मलीस त्या दिवशी नारळावरून निघालेली मुंगी कलिंगडापासून आता शंभरेक किलोमीटर मागे असेल. मग ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. "शाळा सुरू व्हायच्या आत पोचेल?" दिवसाला अडीच किलोमीटरच्या हिशेबाने नाही पोचत, जुलै उजाडेल. तसं सांगितलं तर हिरमुसली. मग म्हणाली, निदान कलिंगड तरी आण. फ्रिजमध्ये आहे. चोवीस सेंटिमीटरचं मिळालं नाही, बावीसचं आहे.